आईबाबांसाठी गाडी: इलेक्ट्रिक, हायब्रिड की साधी ऑटोमॅटिक?

शोरूममध्ये पहिला प्रश्न रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचा, निघतो. आईवडिलांसाठी गाडी घेताना तो पाचव्या क्रमांकावर यायला हवा. त्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. महिन्याला गाडी किती आणि कुठे फिरते? गुडघे, कंबर, मान यांची स्थिती काय आहे? गाडी उभी राहते तिथे स्वतःच्या मीटरवरचा प्लग येऊ शकतो का? आणि त्या कंपनीचं, इलेक्ट्रिक गाडी खोलू शकणारं वर्कशॉप घरापासून किती लांब आहे? ही उत्तरं हातात आली की मॉडेल निवडायला एक दुपार पुरते. ती नसतील तर महिनाभर व्हिडिओ पाहूनही निर्णय चुकतो, कारण व्हिडिओ बनवणारा तिशीतला असतो आणि रोज ऐंशी किलोमीटर फिरत असतो.

महिन्याचा हिशेब आधी

आत्ताच्या गाडीचा किंवा स्कूटरचा मीटर महिन्याच्या १ तारखेला आणि ३० तारखेला लिहून ठेवायला सांगा. बँक, मंडई, दवाखाना, देऊळ, नातेवाइकांकडे एखादी फेरी असं धरलं तर बहुतेक निवृत्त जोडप्यांचं फिरणं तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या आत बसतं. लांबचे प्रवास वेगळे लिहा: वर्षातून किती वेळा, किती लांब आणि गाडी कोण चालवतं. गावच्या घरी जाताना दर वेळी मुलगा किंवा मुलगी येऊन चालवत असेल, तर तो प्रवास त्यांच्या गाडीने होऊ शकतो. त्या दोन खेपांसाठी आईबाबांच्या गाडीत मोठी बॅटरी घेणं म्हणजे लाखभर रुपये अंगणात उभे करणं.

आता पैशांकडे या. छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक घरच्या मीटरवरच्या एका युनिटमागे साधारण ७ किलोमीटर जाते (चार्जिंग करताना जी दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, ती यात धरली आहे). महिन्याला ४०० किलोमीटर फिरणं म्हणजे जवळपास ६० युनिट. हे ६० युनिट घरच्या वापरावर चढतात, त्यामुळे त्यांना दर वरच्या टप्प्याचा लागतो. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरचा वापर १५० युनिट असेल तर गाडी धरून २१० होतो आणि टप्पा तोच राहतो. पण उन्हाळ्यात एसीमुळे वापर २८० वर गेला, तर गाडीची बरीचशी वीज पुढच्या, महाग टप्प्यात पडते. म्हणून वर्षभराची बिलं समोर ठेवून हिशेब करा. वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १३ रुपये मानले, तरी किलोमीटरला २ रुपयांच्या आतच खर्च येतो. पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी शहरात लिटरला १४-१५ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये.

फरक किलोमीटरला ५ रुपयांचा. महिन्याला ४०० किलोमीटर म्हणजे २,००० रुपये, वर्षाला २४,०००. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन ते तीन लाखांनी महाग पडत असेल, तर ते पैसे सुटायला आठ ते बारा वर्षं लागतील. म्हणून इतक्या कमी वापरासाठी "पेट्रोल वाचेल" या एका कारणावर इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका. ती घेण्याची खरी कारणं वेगळी आहेत. डावा गुडघा क्लचमुळे दुखत नाही. चढावर गाडी मागे येण्याची भीती बरीच कमी होते. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना बसणारा धक्का इथे नसतो. पंपावर रांग नाही, ऑइल बदलणं नाही, आणि सकाळी गाडी घरूनच भरून निघते. सत्तरीच्या माणसाला या गोष्टी चोवीस हजारांपेक्षा मोलाच्या असतात, आणि त्यासाठी दोन लाख जास्त द्यायला हरकत नाही. फक्त ते कशासाठी दिले हे आधीच ठाऊक असावं.

हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, हिशेब याहून कठीण आहे. भारतात मिळणारी सर्वांत स्वस्त स्ट्राँग (कमी वेगात नुसत्या मोटरवर चालणारी) हायब्रिडसुद्धा शोरूम किमतीत साधारण सोळा-सतरा लाखांच्या घरात आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के मोटार वाहन कर लागतो, आणि इलेक्ट्रिकला मिळणारी करमाफी हायब्रिडला नाही. विमा धरला की आकडा वीस लाखांच्या आसपास जातो. महिन्याला ४०० किलोमीटरमध्ये हा जादा खर्च दहा-बारा वर्षांतही भरून निघत नाही.

तेव्हा निर्णय असा होतो. स्वतःचं पार्किंग, तिथे प्लग आणि बहुतेक फिरणं दिवसाला शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर छोटी इलेक्ट्रिक. आईबाबा स्वतः दर महिन्याला एकाच प्रवासात अडीचशे-तीनशे किलोमीटरचा पल्ला मारत असतील, प्लगची सोय नसेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर स्ट्राँग हायब्रिड. प्लग नाही, फिरणं कमी आणि बजेट दहा लाखांच्या आत असेल, तर चांगली छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या आणि मोकळे व्हा. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर वडीलधाऱ्यांना इलेक्ट्रिक गाडी देऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, त्यात आधी भरावे लागणारे पैसे, जाड जड केबल आणि बंद पडलेला चार्जर, या सगळ्याशी उन्हात उभं राहून झुंजणं त्यांच्यावर लादायचं नाही.

एक फसगत इथेच टाळा. मागे "हायब्रिड" किंवा "स्मार्ट हायब्रिड" अशी पाटी असलेली प्रत्येक गाडी खरी हायब्रिड नसते. माइल्ड हायब्रिडमध्ये स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हातभार लावतो आणि सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो. गाडी निव्वळ विजेवर एक मीटरही जात नाही. स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. विक्रेत्याला सरळ विचारा: "इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का?" उत्तर टेस्ट ड्राइव्हमध्ये पाहून घ्या.

गाडीत बसता-उठता आलं पाहिजे

ही पायरी कोणी करत नाही आणि पुढे पश्चात्ताप इथेच होतो. आईबाबांना शोरूममध्ये घेऊन जा, नेहमीच्या कपड्यांत. आई नऊवारी किंवा सहावारी नेसत असेल तर साडीतच.

सीटच्या कडेला पाठ करून उभं राहायला सांगा. सीटची कड गुडघ्याच्या मागच्या खळीपेक्षा थोडी वर आणि नितंबांच्या खाली हवी. तेवढी असली की माणूस सरळ मागे बसतो आणि पाय आत घेतो. सेडान खाली असते, तिच्यात माणूस पडतो आणि निघताना दाराला लोंबकळतो. मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं. मधल्या उंचीच्या गाड्या म्हातारपणाला सोयीच्या. दाराखालच्या उंबऱ्याची रुंदीही पाहा. तो रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो आणि साडी घासते. दार किती उघडतं तेही मोजा. टाटा पंचची दारं जवळजवळ ९० अंशांत उघडतात, हा तिचा मोठा गुण आहे. पण सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये शेजारची गाडी लागलेली असताना दार किती उघडेल, ते घरी टेप लावून तपासा.

मागची सीट वेगळी तपासा. बॅटरी फरशीखाली असल्याने अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत मागची फरशी उचललेली असते, पण सीट तेवढी वर गेलेली नसते. मग गुडघे वर येतात, मांडीला आधार मिळत नाही, आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. वाकलेला गुडघा मांडीपेक्षा बराच वर दिसत असेल तर ती गाडी सोडून द्या. बॅटरीचा आकडा कितीही मोठा असो.

पुढे चालकाच्या जागी: पट्टा ओढायला खांदा किती वळवावा लागतो, स्टीअरिंग आणि सीटची उंची बदलते का, बॉनेटची कड दिसते का. एसीचा वेग, काच पुसण्याचा वायपर, हॅझर्ड दिवे आणि आरसे यांना खरी बटणं आहेत का, हे बारकाईने पाहा. एमजी विंडसरची मागची सीट १३५ अंशांपर्यंत कलते आणि प्रवाशाला दिवाणखान्यासारखी ऐसपैस वाटते, पण एसीपासून आरशांपर्यंत बरंच काही मोठ्या स्क्रीनमधून बदलावं लागतं. चष्मा बदलून स्क्रीनवर बोट शोधणाऱ्या चालकासाठी हा दोष गंभीर आहे. बाबा मागे बसणार आणि ड्रायव्हर चालवणार असेल, तर तीच गाडी उत्तम.

प्लग, वायर, अर्थिंग

गाडीचा निर्णय पक्का करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो आणि १५ ॲम्पिअरच्या तीन पिनी प्लगवर चालतो. गीझरलाही तसाच प्लग असतो, पण गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी आठ तास सलग १४-१५ ॲम्पिअर ओढते. जुना, सैल सॉकेट या भाराने तापतो, पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळतं आणि शेवटी तिथेच आग लागते. घरच्या चार्जिंगमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं, बॅटरी नव्हे.

म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. ३.३ किलोवॉटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० ॲम्पिअरचा डबल पोल एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की शॉकपासून वाचवायला ती तोडणारा स्विच) आणि धातूच्या पेटीतला औद्योगिक सॉकेट. अंतर तीस-चाळीस मीटरच्या पुढे असेल तर वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्या, नाहीतर टोकाला व्होल्टेज पडतं. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर ३२ ॲम्पिअर घेतो. त्याला कमीत कमी ६, लांब अंतराला १० चौरस मिलिमीटर वायर आणि ४० ॲम्पिअरचं संरक्षण लागतं. आईबाबांच्या वापराला तो बहुधा लागत नाही. २४ युनिटांची बॅटरी ३.३ किलोवॉटवर जवळपास रिकामी असताना भरायला आठ-नऊ तास घेते, म्हणजे रात्री लावली की सकाळी तयार. आणि ती रोज रिकामी होतच नाही.

एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली वायरही नको.

अर्थिंग हा जुन्या वाड्यांतला आणि गावाकडच्या घरांतला खरा अडथळा. चार्जरमध्ये अर्थिंग तपासणारं सर्किट असतं. अर्थिंग नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते २-३ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर नवा अर्थ पिट खणून घ्या. लाल दिवा टाळण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे महाभाग भेटतात. ते करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते.

मंजूर भार वीजबिलावर लिहिलेला असतो. तो १ किंवा २ किलोवॉट असेल तर वाढवून घेण्यासाठी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात किंवा ॲपवर अर्ज करा. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. सोसायटीत मात्र व्यवस्थापक समितीला लेखी अर्ज द्या आणि त्यात वायरचा मार्ग, एमसीबी-आरसीसीबीचा तपशील आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं नाव लिहा. समितीला आगीची भीती असते. अर्जातच तिचं उत्तर दिलं की निम्मा वाद मिटतो. गाडी बुक करण्याआधी ही परवानगी हातात घ्या.

घरचा इन्व्हर्टर गाडी चार्ज करू शकत नाही; ८०० किंवा १,००० व्हीएच्या इन्व्हर्टरची ती ताकद नाही. वीज गेली की चार्जिंग थांबतं आणि आली की बहुतेक गाड्यांत आपोआप पुन्हा सुरू होतं. कोकणात किंवा आडगावात रात्री व्होल्टेज फार खाली जात असेल तर चार्जर वारंवार बंद पडेल. तिथे चार्जिंगची वेळ दुपारची ठेवा. गच्चीवर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर गाडीबरोबरच करा: पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे, आणि असा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे १२ युनिट देतो. गाडीला महिन्याला लागणाऱ्या साठ युनिटांची सोय त्यात पाच-सहा दिवसांत होते.

रेंज किती धरायची

कंपनीच्या आकड्याचे दोन-तृतीयांश धरा. ती झाली खरी रेंज. त्यातले ७० टक्केच निवांत वापरायचे, कारण बॅटरी वीस टक्क्यांखाली गेली की चालकाचं लक्ष रस्त्यावरून मीटरकडे जातं. २४ युनिटांची छोटी गाडी एसीसह १८० ते २०० किलोमीटर जाते. आईबाबांसाठी तिचा हिशेब १३० धरा. खंबाटकी, खंडाळा, कसारा अशा घाटांत चढताना टक्के झरझर उतरतात. उतारावर थोडे परत मिळतात, चढाला गेले तेवढे नाही.

१९ युनिटांची छोटी बॅटरीही गावात फिरायला पुरते, पण आम्ही २४ ची सुचवू. कारण रेंज नव्हे. आठ-दहा वर्षांनी बॅटरीची क्षमता काही टक्क्यांनी घटेल, तेव्हाही त्या गाडीत पुरेसा पल्ला उरलेला असेल.

कोणत्या गाड्या बघाव्यात

दहा-अकरा लाखांच्या आत टाटा टियागो ईव्ही. २४ युनिटांची आवृत्ती घ्या. आकार लहान, बटणं बरीचशी खरी, आणि टाटाची वर्कशॉपं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. उणिवा: सीट हॅचबॅकच्या उंचीची, म्हणजे गुडघे फार दुखत असतील तर थोडी खाली, आणि स्टेपनीऐवजी पंक्चर किट येतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर थोडे जास्त पैसे घालून पंच ईव्ही. तिची बैठक वर, जमिनीपासूनचं अंतर १९० मिलिमीटर, सहा एअरबॅग आणि २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या (गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या) चाचणीत पाच तारे. आमच्या मते बहुतेक आईबाबांसाठी योग्य गाडी हीच.

एमजी कॉमेट शहरातल्या गल्लीबोळांत सुरेख वळते. तिची वळणाची त्रिज्या फक्त ४.२ मीटर आहे. पण दारं दोनच. मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं, ते साठीनंतर कोणी करू नये. दोघंच राहतात, दोघंच पुढे बसतात आणि गावाबाहेर जात नाहीत, अशांनाच ती चालेल. सिट्रोएन ईसी३ ला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. ती किमतीत कितीही उतरली तरी आईबाबांसाठी नको.

हायब्रिडमध्ये टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा या यंत्रणेने सख्ख्या बहिणी आहेत: १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, लहान लिथियम-आयन बॅटरी आणि धक्का न देणारा ई-सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कागदावर लिटरला सुमारे २८ किलोमीटर. शहरात २० च्या आसपास मिळाले तरी समाधान माना. बॅटरीमुळे डिकी आखूड होते, तेव्हा व्हीलचेअर किंवा वॉकर न्यायचा असेल तर तो प्रत्यक्ष ठेवून पाहा. होंडा सिटी हायब्रिड चालवायला फार छान, पण सेडान असल्याने खाली. गुडघे ठणठणीत असतील तरच.

सेकंड हँड इलेक्ट्रिक गाडी स्वस्त मिळते, कारण तिची किंमत लवकर उतरते. तीन वर्षांच्या आतली, त्याच मॉडेलची निर्मिती अजून चालू असलेली आणि कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल आणलेली असेल तरच घ्या. बॅटरीची नेहमीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते आणि ती गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हींची हमी २०२८ पासून संपू लागेल, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवा.

वर्कशॉपला स्वतः फोन करा आणि दोन प्रश्न विचारा: हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ तिथेच आहे का, आणि बॅटरी किंवा मोटरचं काम निघालं तर गाडी कुठे पाठवता? "पुण्याला पाठवतो" असं उत्तर आलं आणि घर परभणीला असेल, तर महिनाभर गाडीविना राहण्याची तयारी ठेवा किंवा दुसरी कंपनी बघा.

कागदपत्रांत लपलेल्या अटी

आरसी कोणाच्या नावावर? काही कंपन्या बॅटरीला आजीवन किंवा १५ वर्षांची हमी देतात, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी आधी मुलाच्या नावावर घेऊन नंतर वडिलांच्या नावे केली, तर ही वाढीव हमी जाऊन साधारण ८ वर्षांचीच उरते. ज्याच्याकडे गाडी राहणार त्याच्याच नावावर ती पहिल्या दिवसापासून ठेवा.

"बॅटरी भाड्याने" या योजनेत गाडीची किंमत तीन-चार लाखांनी कमी दिसते आणि किलोमीटरमागे भाडं लागतं. करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट शोधा. ती १,५०० किलोमीटर असेल आणि दर ३ रुपये ५० पैसे, तर आईबाबा ४०० किलोमीटर फिरले तरी ५,२५० रुपये जाणार. कमी फिरणाऱ्यांसाठी ही योजना नाहीच.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे. कोटेशनमध्ये "आरटीओ" या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर तिचा तपशील मागा. याच धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदली गेली आहे का ते पाहा, नाहीतर पैसे कापले जातात. विम्यात झिरो डेप्रिसिएशन (भागांच्या जुनेपणाचे पैसे न कापणारं कलम) आणि बॅटरी-चार्जरचं संरक्षण घ्या. उंच गतिरोधकावर बॅटरीचं तळकवच घासलं, तर दुरुस्तीचा आकडा मोठा येतो.

चालकाचा परवाना काढून तारीख बघा. वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. मुदत संपलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

पहिले दोन आठवडे आणि पुढची निगा

चाळीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय सहज गप्प बसत नाही. घाईत तो ब्रेक क्लचसारखा दाबतो आणि गाडी जागच्या जागी आदळून थांबते. याहून वाईट म्हणजे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जाणं, कारण इलेक्ट्रिक मोटर पूर्ण जोर पहिल्या क्षणीच देते आणि आवाजाने सावधही करत नाही. सकाळी मोकळ्या मैदानावर, शेजारी कोणी जाणतं बसवून, सरावाचे सात-आठ दिवस ठेवा. डावा पाय मागे ओढून ठेवायचा, उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकवूनच दोन्ही पेडल वापरायची. स्पोर्ट मोड वापरायचाच नाही असं ठरवून टाका. पाय उचलला की मोटर गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज परत बॅटरीत घेते; या सोयीची (रीजनची) पातळी सर्वांत कमी ठेवा. जास्त ठेवली तर पाय उचलताच गाडी आखडते आणि मागे बसलेल्यांना मळमळतं.

उतरताना क्रम ठरलेला: ब्रेक, पी किंवा हँडब्रेक, बंद, मगच दार. गाडीचा आवाज नसल्याने ती चालूच आहे हे विसरून उतरणारे असतात.

छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे गाडीच्या संगणकाला नेमके किती टक्के उरलेत याचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. मग २० वरून एकदम ८ दिसतात आणि माणूस घाबरतो. महिन्यातून एकदा घरच्या संथ चार्जरवर १०० टक्के भरून आणखी तासभर लावून ठेवली की हिशेब जुळतो. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी जे लिहिलं असेल ते अंतिम.

नव्या इलेक्ट्रिक गाडीला रस्त्यात बंद पाडणारी गोष्ट सहसा मोठी बॅटरी नसते, छोटी १२ व्होल्टची असते. ती उतरली की रिमोट चालत नाही, दार उघडत नाही, आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी "रेडी" होत नाही. रिमोटच्या आत लपलेली साधी किल्ली कशी काढायची, हे आईबाबांकडून पहिल्याच दिवशी करवून घ्या. ही बॅटरी तीन-चार वर्षांनी, बंद पडण्याची वाट न बघता बदला.

आईबाबा मुलांकडे परदेशी चार-सहा महिने जाणार असतील तर इलेक्ट्रिक गाडी १०० टक्के भरून किंवा रिकामी करून ठेवू नका. ५०-६० टक्क्यांवर ठेवा. शेजाऱ्यांना दर पंधरा दिवसांनी अर्धा तास "रेडी" स्थितीत चालू ठेवायला सांगा, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी भरते. हायब्रिडलाही हेच लागू. हायब्रिडमध्ये आणखी एक काम: बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, चादर ठेवायची नाही, आणि प्रत्येक सर्व्हिसला ती साफ करून घ्यायची. जाळी धुळीने भरली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं.

किनारपट्टीवर, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, कारण मोटरच गाडी थांबवत असल्याने ब्रेक फारसे वापरले जात नाहीत. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर तीन-चार वेळा जरा जोराने ब्रेक लावावेत. पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी आहे ते दिसत नसेल तर गाडी घालू नये. बॅटरी जलरोधक असली तरी दारातून आत आलेलं पाणी बाकीची वायरिंग खराब करतं.

कंपनीचं ॲप वडिलांच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवा आणि सोय असेल तर दुसरा वापरकर्ता म्हणून स्वतःला जोडा. रस्त्यावरच्या मदतीचा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये जतन करा, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. स्टेपनी नसलेल्या गाडीत पंक्चर झालं, तर आईबाबांनी करायचं एकच: गाडी कडेला घ्यायची, हॅझर्ड दिवे लावायचे आणि तो क्रमांक फिरवायचा.